आजी लेकीकडे बघतेय

लेकीच्या बाळंतपणाला लंडनला गेले होते. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा, सगळं सामान बांधून. सव्वा महिना तिला घराबाहेर पडू द्यायचं नाही असा माझा बेत होता आणि चौथ्याच आठवड्यात तीच बाळाला पोटाशी झोळीत बांधून मला ट्रफाल्गर चौकात घेऊन गेली. नॅशनल गॅलरीला तिकीट नाही, आत ऊब असते, टेकायला बाक असतात, एवढाच तिचा हिशेब. तिथे मंद उजेडात लिओनार्दो दा विंचीचं एक मोठं रेखाटन लावलेलं आहे. संत अ‍ॅना, तिच्या मांडीला मांडी लावून बसलेली तिची लेक मेरी, मेरीच्या हातांतून पुढे झुकलेला बाळ येशू आणि उजवीकडे लहानगा योहान, पुढे येशूला बाप्तिस्मा देणारा. मी रचनेबद्दल काहीतरी सांगत होते. लेक मधेच म्हणाली, "आई, ही आजी नातवाकडे बघतच नाहीये गं. लेकीकडे बघतेय."

मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. या रेखाटनाची छापील प्रत माझ्या वर्गाच्या भिंतीवर कित्येक वर्षं होती. मला ते दिसलं नव्हतं. त्रिकोणी रचना बघायची असं मला शिकवलं होतं, ती मी बघत आले आणि तीच पुढे शिकवत आले.

धार्मिक चित्राच्या कच्च्या रेखाटनात माणसाची भावना शोधावी का, हा प्रश्न वरवर चार अभ्यासकांनी आपापसात मिटवावा असा वाटतो. पण ही चित्रं लोकांच्या पैशाने विकत घेतली जातात, त्यांच्यापुढे लोक मेणबत्त्या लावतात आणि त्यांच्यावरून शाळेत मुलांना 'चांगलं चित्र' म्हणजे काय ते सांगितलं जातं. तेव्हा प्रश्न चारचौघांचाच आहे. माझं म्हणणं असं, की भावना जरूर शोधावी, आणि पक्क्या चित्राच्या आधी कच्च्यात शोधावी. पक्क्या चित्रात धर्माने, गिऱ्हाइकाने आणि शेवटी वार्निशने जे मिटवून टाकलेलं असतं, ते कच्च्यात अजून ठरायचं असतं.

आधी ही वस्तू काय आहे ते सांगते. तिला 'कार्टून' म्हणतात. व्यंगचित्राशी तिचा संबंध नाही. जुन्या इटलीत पुऱ्या मापाच्या कच्च्या आराखड्याला हा शब्द होता. आमच्या लहानपणी रांगोळीच्या ठिपक्यांसाठी वर्तमानपत्राच्या कागदाला उदबत्तीने भोकं पाडायचे, तो जमिनीवर ठेवून वरून रांगोळी फिरवायची. चित्रकार हेच करायचे. आराखड्याच्या रेषांवर सुईने बारीक भोकं पाडायची, कागद फळीवर किंवा भिंतीवर धरायचा, वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटायची, की खाली ठिपक्यांनी चित्र उमटतं. लंडनच्या या कागदाला एकही भोक नाही. रेषा दाबून उतरवल्याच्या खुणाही नाहीत. आठ कागद जोडून केलेलं, साधारण एकशे एक्केचाळीस सेंटिमीटर उंच, कोळसा आणि पांढऱ्या खडूतलं हे काम लिओनार्दोने फळीवर कधी उतरवलंच नाही. लग्न ठरलं, याद्या झाल्या आणि मुहूर्त काही आला नाही, तसं. पुढे मिलानच्या बर्नार्दिनो लुईनीने त्यावरून रंगीत चित्र केलं, त्यात मेरीच्या नवऱ्याला, योसेफालाही बसवलं. ते पक्कं आहे, गोड आहे, आणि मला त्याच्यासमोर दोन मिनिटांच्या वर उभं राहता येणार नाही.

आता जवळ जाऊन बघू. मेरीचा चेहरा कोळशाने इतका हळुवार घडवला आहे की रेष कुठे संपते आणि सावली कुठे लागते ते सांगता येत नाही. अ‍ॅनाचे डोळे खोल, सावलीत गेलेले. मेरी बाळाकडे बघते. तिला आपल्याकडे कोणी बघत असल्याची जाणीवही नाही. बाळंतिणीला ती नसतेच. अ‍ॅना मात्र लेकीच्या तोंडाकडे इतक्या जवळून बघते आहे की श्वास लागावा. आणि तिचा एक हात वर आहे, तर्जनी आकाशाकडे. हे सगळं वरून ठरलेलं आहे, या बाळाचं पुढे काय होणार ते देवाच्या मनात आहे, असं ते बोट सांगतं. धर्म त्या बोटात आहे. आणि नेमका तो हात रेखाटनात कोरा आहे. नुसती बाहेरची रेष, आत छाया नाही, मांस नाही. चेहऱ्यांवर जीव ओतला आहे आणि सिद्धांत रेषेवर सोडून दिला आहे.

यावरून लिओनार्दोचा देवावर विश्वास नव्हता असं म्हणायचा मोह होतो. तो आवरावा. पावलंही अशीच अर्धी राहिली आहेत, आणि पावलांत काही सिद्धांत नव्हता. हात राहून गेला, एवढंच कागद सांगतो. पण त्याचं लक्ष आधी कुठे गेलं, कोळसा कुठे जास्त वेळ रेंगाळला, हेही तोच कागद सांगतो. भावना शोधणं म्हणजे माझ्या लेखी एवढंच आहे: हात कुठे थांबला, कुठे फिरून आला, कुठे गेलाच नाही, ते बघणं.

असं बघणं हे आजच्या देवधर्म सोडलेल्या माणसाचं खूळ आहे, जुन्या लोकांना या चित्रांत फक्त देव दिसत होता, हा आक्षेप मी पुष्कळदा ऐकला आहे. त्यावर एक जुनं पत्र काढून दाखवावंसं वाटतं. एप्रिल १५०१. मांतुआच्या दरबारातल्या इझाबेला देस्तेला लिओनार्दोकडून चित्र हवं होतं, म्हणून तिने फ्लोरेन्समधल्या फ्रा पिएत्रो दा नोव्हेल्लारा यांच्याकडे चौकशी केली. हे कार्मेलाइट पंथातले वरिष्ठ धर्मगुरू. त्यांनी कळवलं, की लिओनार्दोचा काही भरवसा नाही, दिवस येईल तसा ढकलतो आहे, हातात एक अर्धवट कार्टून आहे. आणि मग त्यांनी त्या कार्टूनचं वर्णन केलं. वर्षभराचं बाळ आईच्या हातांतून जवळजवळ निसटून एका कोकराला मिठी मारतं आहे. आई अ‍ॅनाच्या मांडीवरून उठू पाहते आहे, बाळाला कोकरापासून ओढून घ्यायला. कारण कोकरू म्हणजे बळीचं जनावर. आणि अ‍ॅना किंचित उठून लेकीला अडवते आहे असं दिसतं. कदाचित, गुरुजी लिहितात, अ‍ॅना म्हणजे चर्च असावं, ख्रिस्ताचं बलिदान टळू नये असं वाटणारं.

त्या 'कदाचित'वर माझा सगळा भार आहे. पंथाचा अधिकारी माणूस, धर्मशास्त्र तोंडपाठ, तरी आधी त्याला काय दिसलं? मूल निसटतंय, आई धावतेय, आजी धरून ठेवतेय. चर्च मागाहून आलं, आणि तेही दबक्या आवाजात. ते कार्टून आज शिल्लक नाही, लंडनचं त्याहून वेगळं आहे. पण चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वासारीने सुमारे पन्नास वर्षांनी लिहून ठेवलं, की फ्लोरेन्समध्ये अ‍ॅनाचं असं एक कार्टून तयार झाल्यावर ते ठेवलेल्या खोलीत दोन दिवस बायकापुरुष, तरणेताठे, म्हातारे सणाला लोटावेत तसे लोटले होते. वासारीला तिखटमीठ लावायची सवय होती हे खरं. तरी एक चतुर्थांश जरी धरलं, तरी लोक रंग न लागलेला कागद बघायला रांग लावत होते.

श्रद्धाळू माणूस म्हणेल, देवाच्या आईला तुम्ही बाळंतीण करून टाकली. पण देव माणूस होऊन बाईच्या पोटी आला, हा ख्रिस्ती धर्माचा पायाच आहे. तो मी घालत नाही. ज्यांच्या श्रद्धेला माणूसपणाचा विटाळ होतो त्यांनी आधी आपल्या धर्मग्रंथाशी बोलून घ्यावं. आणि विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागेल असं मला वाटत नाही. गोव्यात तिसवाडीतल्या तळावलीला सांतानचं, म्हणजे याच संत अ‍ॅनाचं, सतराव्या शतकाच्या अखेरीस पुरं झालेलं मोठं चर्च आहे. जुलैअखेरीस तिथे तवशांचं फेस्त भरतं. मूल हवं असलेली जोडपी सांतानला तवसं वाहतात. पोर्तुगीजमध्ये त्याचं यमकच आहे: पेपीनो घे, मेनीनो दे. काकडी घे, बाळ दे. आजीशी बोलावं तसंच हे बोलणं आहे, आणि त्यामुळे सांतानचं देवपण तसूभरही कमी झालेलं नाही. उलट याच गोव्यातले चित्रकार आंजेलो दा फोन्सेका यांनी चित्रात मेरीला साडी नेसवली तेव्हा त्यांच्यावर टीका झाली. त्यांचं पुढचं आयुष्य पुण्यात गेलं आणि १९६७ साली ते तिथेच वारले. देवाचं माणूसपण काकडीत चालतं, चित्रात खुपतं, याचं कारण मला वाटतं चित्र बघायची सवय कमी, हेच असावं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे आणि तो अभ्यासकांचा आहे. तुम्ही चित्रात जे बघता ते तुमचंच असतं. बाळंतपणाला आलेल्या बाईला बाळंतपणच दिसणार. खरं आहे. याचं सगळ्यात बोधप्रद उदाहरण मनोविश्लेषक फ्रॉइडचं. लिओनार्दोने एके ठिकाणी लिहिलं आहे, की पाळण्यात असताना एक घार माझ्यावर उतरली आणि तिने शेपटीने माझं तोंड उघडलं. फ्रॉइडने १९१० साली यावर पुस्तकच लिहिलं. पण त्याच्या हाती असलेल्या जर्मन भाषांतरात घारीचं गिधाड झालं होतं. मग गिधाडाच्या डोक्याची इजिप्तची मातृदेवता आली, लिओनार्दोच्या दोन आया आल्या, एक जन्म देणारी कातेरीना आणि दुसरी बापाची लग्नाची बायको, आणि अ‍ॅना-मेरीच्या चित्रात त्या दोघी शेजारी शेजारी बसल्या. त्यानंतर स्वित्झर्लंडच्या एका पाद्रीबुवांना पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या चित्रात, म्हणजे लिओनार्दोने याच विषयावर वेगळ्या मांडणीत रंगवलेल्या पक्क्या चित्रात, मेरीच्या वस्त्राच्या घड्यांत अख्खं गिधाड दिसलं! मूळ पानावर घार आहे. पुढे टीकाकारांनी हेही दाखवलं, की आजी, लेक आणि नातू अशी मांडणी लिओनार्दोच्या आधीपासून रूढ होती, आणि फ्लोरेन्सला अ‍ॅना विशेष जवळची होती, कारण १३४३ साली जुलमी सत्ताधीशाला शहराने तिच्याच सणाच्या दिवशी हाकललं होतं.

पण फ्रॉइड चुकला तो भावना शोधायला गेला म्हणून नव्हे. त्याने ती कागदावर शोधली नाही, चित्रकाराच्या पाळण्यात शोधली. मला लिओनार्दोच्या मनात काय होतं ते कळणार नाही आणि त्याची मला गरजही नाही. मला कळू शकतं ते एवढंच, की मांडीवरच्या लेकीला आजीने कसं धरावं हे त्याला पटकन सुचलं नाही. याचा पुरावा लंडनमध्येच, ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. वहीच्या पानाएवढा कागद. याच जुळणीचा त्याहून कच्चा खर्डा. आधी काळ्या खडूने, मग शाईने, मग त्यावर पुन्हा शाई, मग वरून पातळ रंगाचा हात. गुडघे इकडे, गुडघे तिकडे, बाळाचं डोकं एकदा इथे, एकदा तिथे. रेषांवर रेषा चढून मध्यभागी अक्षरशः काळं डबकं झालं आहे. शेवटी त्यातलं आपल्याला हवं ते कोणतं हे त्याचं त्यालाच दिसेना, तेव्हा त्याने बोथट टोकाने हव्या त्या रेषा दाबून काढल्या आणि कागद उलटा करून मागच्या बाजूला आकृती स्वच्छ करून घेतली. पुढच्या बाजूला गोंधळ, मागच्या बाजूला निकाल. तो स्वतः चित्रकारांना लिहून सांगायचा, की कवी ओळी कशा खोडतो ते बघितलंत ना, सुंदर अक्षराची पर्वा करत नाही. तसंच आधी हालचाल आणि मन पकडा, हातपाय मागाहून रेखीव करा.

त्या डबक्यात मला जी भावना दिसते तिला नाव देता येत नाही. माया म्हणावं तर ती धरून ठेवणारी आहे, धाक म्हणावं तर मांडी दिलेली आहे. लेकीला जवळ घ्यावं की तिचं तिला जाऊ द्यावं, या प्रश्नाला गुडघ्यांच्या भाषेत चार उत्तरं आहेत आणि चारही एकमेकांवर चढलेली आहेत. लूव्रमधल्या पक्क्या चित्रात एकच उरलं. तिथे योहान गेला, कोकरू आलं, आकाशाकडचं बोटही गेलं. अ‍ॅनाचा हात स्वतःच्या कमरेवर आहे आणि ती हसून बघते आहे. थोर चित्र आहे. पण तिथे आजीचा निर्णय झालेला आहे.

पैशाची गोष्ट राहिली. हे कार्टून अठराव्या शतकापासून लंडनच्या रॉयल अकादमीकडे होतं. १९६२ साली अकादमीने ते विकायला काढलं, किंमत आठ लाख पौंड. परदेशी जाईल म्हणून वर्गणी सुरू झाली, नॅशनल गॅलरीत ते मांडलं गेलं आणि चार महिन्यांत अडीच लाखांच्या वर माणसं बघून गेली. कमी पडले ते साडेतीन लाख सरकारने घातले. न रंगवलेल्या कागदाला एवढे पैसे कशाला, हा प्रश्न तेव्हाही रास्त होता. इस्पितळाला खाट कमी पडत असताना कोळशाच्या रेघांना लाखो पौंड देणं मलाही सहज गिळवत नाही. पण दुसरी वाट काय ते २०१२ साली दिसलं. राफाएलने आपल्या अखेरच्या मोठ्या चित्रासाठी, व्हॅटिकनमधल्या येशूच्या रूपांतराच्या चित्रासाठी, एका तरुण शिष्याचं डोकं काळ्या खडूत काढलं होतं. एका सरदार घराण्याकडचं ते डोकं लंडनच्या लिलावात दोन कोटी सत्त्याण्णव लाख पौंडांना खाजगी हातांत गेलं. पक्कं चित्र व्हॅटिकनमध्ये कोणालाही बघता येतं. ते डोकं कोणी, केव्हा बघायचं हे आता मालक ठरवणार. १९६२ च्या वर्गणीदारांनी लेकुरवाळ्या बाईला फुकटात त्या खोलीत जाऊन बसायची सोय केली, म्हणून माझ्या लेकीला आजी दिसली.

संग्रहालयांशी माझं भांडण त्यापुढचं आहे. कागद उजेडाने खराब होतो, त्यामुळे बहुतेक रेखाटनं वर्षातला बराच काळ अंधाऱ्या खणांत पडून असतात. त्याला इलाज नाही. १९८७ साली एका माणसाने कोटातून बंदूक आणून याच कार्टूनवर, मेरीच्या छातीवर, गोळी झाडली होती. काच फुटून कागद चिरडला आणि ठिकऱ्या वेचून तो पुन्हा जुळवावा लागला. तेव्हा जाड काच आणि पहारा यांबद्दलही माझी तक्रार नाही. तक्रार पाटीबद्दल आहे. कुठेही जा, रेखाटनाखाली साल, साधन आणि 'अमुक चित्राची पूर्वतयारी' एवढंच असतं. पूर्वतयारी म्हटलं की बघणाऱ्याची नजर लगेच पुढे, पक्क्या चित्राकडे धावते. त्याऐवजी तीन वाक्यं लिहा. या कागदाला भोकं नाहीत. हा हात कोरा राहिला आहे. हा गुडघा दोनदा हलला आहे. भावना कोणती ते सांगू नका, ती बघणारा आणतो किंवा आणत नाही. आणि जिथे जमेल तिथे पक्क्या चित्राशेजारी कच्च्याची निदान चांगली छापील प्रत लावा. मूळ कागद खणात झोपू दे.

आपल्याकडे तर प्रश्न पाटीपर्यंत पोचतच नाही. शाळेतल्या चित्रकलेच्या परीक्षांना बसलेल्या कोणालाही विचारा, काय आठवतं? खोडरबर. कागद स्वच्छ हवा, कच्ची रेष दिसता कामा नये, रंग रेषेबाहेर नको. मुलाने काय विचार केला याचा माग राहू नये अशी आपण तजवीज करतो आणि त्याला नीटनेटकेपणा म्हणतो. माझी मागणी साधी आहे: स्मरणचित्राच्या पेपरला पक्क्या कागदाला कच्चा जोडून घ्या आणि त्यालाही गुण ठेवा. तपासायला वेळ लागेल हे मला कोणी सांगायला नको, ते गठ्ठे मी उपसलेले आहेत.

लंडनहून परतल्यावर मला एक मुलगी वारंवार आठवली. आठवीतली. सरावाला 'पंढरीची वारी' असा विषय दिला होता. तिच्या कागदावर एक म्हातारी होती आणि तिच्यापुढे नऊवारीतली एक तरुण बाई, कडेवर मूल. म्हातारीचा हात तिने तीन जागी काढून पाहिला होता: एकदा मुलाच्या डोक्यावर, एकदा बाईच्या खांद्यावर आणि एकदा नुसताच मागे, हवेत. तिन्ही पुसट. मी तिला म्हटलं, कुठला तरी एक ठेव आणि बाकीचे खोड. ती म्हणाली, बाई, ठरत नाहीये. मी तिच्या हातातला रबर घेतला आणि मुलाच्या डोक्यावरचा ठेवून बाकीचे दोन खोडून दिले. बाईच्या खांद्यावरची रेष नीट जाईना, म्हणून जोर लावला. तेवढ्या जागी कागद पातळ झाला.